सोड म्हटलं, जोड उमटलं

सोम. ६ जाने.
आजपासून पगारेभाऊ आमच्या वायरी जोडून तपासायच्या टेबलावर नाहीत. साहेबांनी शेवटी मान्य केलं. ३१ तारखेपर्यंत मी आणि भूषण, दोघंच. मध्ये कोणी नाही. जमलं तर टेबल कायमचं आमचं. नाही जमलं तर दोघंही परत पॅकिंगला, पिशव्यांत टोपणं भरायला. तीन वर्षं भरली मी ती टोपणं. पुन्हा भरणार नाही.

पगारेभाऊ माणूस वाईट नाही. पण मला दिसत नाही, भूषणला ऐकू येत नाही, म्हणून मी काही म्हटलं की हे हातवारे करून त्याला सांगणार, तो हातवारे करणार की हे मला सांगणार. त्यात निम्मं गळायचं आणि उरलेल्यात निम्मं त्यांच्या पदरचं असायचं. एकदा भूषण म्हणे "ताई हळू काम करते" असं म्हणाला. नंतर कळलं, तो म्हणाला होता "ताईचा स्टूल हलतो."

आता दोन फोन. मी बोलते ते त्याच्या फोनवर मोठ्या अक्षरांत उमटतं. तो टाइप करतो ते माझ्या डाव्या कानात वाजतं. उजवा कान टेस्टरच्या बीपसाठी मोकळा.

पहिल्या दिवशी चाळीस नग. रोजच्यापेक्षा कमी. पण बाद एकही नाही.

बुध. ८
लिहून बोटं दुखतात, म्हणून यापुढे भूषण = भू., पगारेभाऊ = प.भा. फोन वाचून दाखवतो तेव्हा "भू" ऐकून दारात कुत्रं आल्यासारखं वाटतं. चालेल.

आज मी म्हटलं, "पिवळी वर घे." शेजारी प्रेस धडधडत होता. त्याच्या फोनवर उमटलं, "दिवाळी वर घे." भू.नं टाइप केलं, "फटाके पण?" दोघं इतके हसलो की प.भा. लांबून बघायला आले. म्हणाले, "काय झालं ताई?" म्हटलं, आमचं आमच्यात.

तेव्हापासून पिवळी वायर म्हणजे दिवाळी. रंग मला ठाऊक आहेत. एकोणीस वर्षांची होईपर्यंत दिसत होतं मला. पिवळा अजून डोळ्यासमोर येतो. तपकिरी मात्र पुसट होत चाललाय.

शुक्र. १०
टेस्टरची भानगड सुटली. हार्नेस म्हणजे ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या वायरींची जुडी. तिची दोन्ही टोकं टेस्टरला लावायची, बरोबर असेल तर हिरवा दिवा. दिवा मला काय कामाचा? म्हणून मागच्या वर्षी बीप लावून घेतली. मग बीप भू.ला काय कामाची! तो मान वर करून दिवा बघणार, तोवर मी पुढचा नग लावलेला असायचा.

भू.नं जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढून टेबलाच्या फळीखाली बसवली. आता नग पास झाला की दिवा लागतो, बीप वाजते आणि टेबल गुरगुरतं. दोघांना एकाच क्षणी कळतं. त्याचे हात वायरीवर, माझे हात वायरीवर, मान कोणी वर करायची नाही.

आज बासष्ट नग. कालपर्यंत मी त्याची मदतनीस होते का तो माझा, कोणी ठरवलं नव्हतं. आज तो प्रश्नच पडला नाही.

मंगळ. १४, संक्रांत
माईनं (माझी थोरली बहीण, इंदिरानगरच्या घरात आम्ही दोघीच) तिळाच्या वड्यांचा डबा दिला. खात्यात सगळ्यांना वाटल्या. भू.ला म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. त्याचं उत्तर: "मला सूट?" म्हटलं, गोड टाइप कर.

मग एक गोष्ट सांगून टाकली, आठ दिवस पोटात ठेवलेली. त्याचा फोन माझ्या कानात बाईच्या आवाजात बोलतो. त्याला काय माहीत! त्यानं विचारलं, "कशी बाई?" म्हटलं, बँकेतली, तुमचं खातं बंद झालंय सांगणारी. तो फळीवर हात आपटून हसला. पण बदललं नाही. "राहू दे. पगारेभाऊपेक्षा बरी."

त्याचं मराठी त्याचं आहे. शब्द कमी, क्रम वेगळा. त्याची पहिली भाषा हातांची. सटाण्याला घरी अहिराणी बोलतात, तीही त्यानं फक्त ओठांवर पाहिलेली. आधी मी मनातल्या मनात त्याची वाक्यं दुरुस्त करायचे. आता करत नाही. मास्तरीणबाईची सवय माईची, माझी कशाला.

गुरु. १६
घाई. सकाळी दहाला गिऱ्हाइकाचा मेल आला. कानात ऐकला. आजच्या साठ नगांत कनेक्टरचं सात नंबरचं भोक रिकामं ठेवायचं. एरवी तिथं वायर असते. गाडी पाचला.

मी मागे वळून टेपची रिळं घेत घेतच म्हटलं, "सात सोड." भू.नं दोनदा टेबल ठोकलं. मला वाटलं, विचारतोय, चालू करू का. "हो हो, कर चालू."

पाचला चार मिनिटं असताना साठावा नग पास. टेबल साठ वेळा गुरगुरलं. प.भा. म्हणाले, "लय भारी, ताई." मी वर मान करून म्हटलं, पाहिलंत ना? गर्वाचं घर खाली, असं माई म्हणते. आज तिला सांगितलंच नाही.

शनि. १८
साठच्या साठ परत आले. सातव्या भोकात वायर.

मला आधी पटेना. प्रत्येक नग पास झाला होता! मग भू.नं त्याच्या फोनमधलं परवाचं बोलणं उघडून माझ्या कानात वाजवलं. बँकेतल्या बाईनं स्वच्छ वाचलं: "सात जोड."

सोड म्हटलं, जोड उमटलं. एका अक्षराचा फरक आणि अर्थ बरोबर उलटा.

भू. गोंधळला होता. सात तर नकाशात जोडलेलाच आहे, मग ताई पुन्हा जोड का म्हणते? म्हणून त्यानं दोनदा ठोकलं. तो प्रश्न होता. मी त्याला होकार दिला, तोंड फिरवून, हात रिळांत.

आणि टेस्टर? आमचा टेस्टर पहिला नग बघून शिकतो. पहिला बरोबर असेल तर पुढचे त्याच्याशी ताडून बघतो. पहिलाच चुकीचा शिकवला, मग बिचारा साठ वेळा खुशाल पास म्हणत राहिला. पहिल्या नगाची भोकं बोटानं मोजायची, हे माझं काम. रोज करते. परवा नाही केलं. गाडी पाचला होती ना.

दुपारपर्यंत साठ वायरी काढल्या, कनेक्टर पुन्हा बसवले. दुरुस्त माल चारला गेला.

त्याच दिवशी, नंतर
रिजेक्शनचा कागद राहिला होता. त्यावर "जबाबदार व्यक्ती" असा एकच रकाना. प.भा. म्हणाले, "भूषणचं टाका. वायर त्यानं घातली ना? तुम्ही तर सोडच म्हणला होता." मी म्हटलं, दोघांची नावं टाका. क्लार्क म्हणाली, "ताई, सिस्टिम एकच कोड घेते. दुसरा टाकला की पहिला उडतो." दोन-तीनदा करून पाहिलं तिनं. खरंच उडतो.

म्हटलं, मग माझा टाका.

घरी येताना बरं वाटत होतं. चूक माझी जास्त होतीच. त्यावर आणखी एक चांगलं काम केल्यासारखंही वाटत होतं, ते कशाला खोटं लिहू.

रवि. १९
सुट्टी. माईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तो फोनच नीट नाही. परत बोलणारं माणूस घ्या मध्ये." मी चिडले. म्हटलं, पगारेभाऊंनी स्टूलचं हळू काम केलं तेव्हा कोणी म्हणालं का, पगारेभाऊ बदला? माणूस चुकला तर चालतं, आम्ही चुकलो की लगेच मध्ये माणूस!

मग तिलाच कामाला लावलं. मिक्सर चालू करून ठेवला, प्रेसची धडधड म्हणून. मी एकेक शब्द बोलायचा, तिनं फोनवर काय उमटलं ते वाचायचं. तास-दीड तास. शेवटी स्वयंपाकघरातून धूर यायला लागला, मिक्सर बंद.

सोड: दहापैकी चार वेळा जोड. बाद.
निळी: "मिळी", "किल्ली". बाद. आकाशी चालते.
नको: कधी कधी गायबच होतं. सगळ्यात धोक्याचं. बाद.
रिकामं: दहापैकी दहा.
दिवाळी: दहापैकी दहा! पिवळी मात्र सहा.

चव्वेचाळीस वर्षं बोलतेय. त्यातली बारा देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत टेलिफोनवर. माझा शब्द स्पष्ट म्हणून लोक नाव घ्यायचे. आणि आता मराठी पुन्हा चाळून घ्यावं लागतंय, खडे काढायला.

सोम. २०
यादी भू.ला दाखवली. त्यानं वाचली आणि स्वतःची जोडली. त्याची यादी माझ्यावरच होती.

१. ताई बोलते, तोंड फोनकडे.
२. मी ठोकलं एक, म्हणजे झालं. ठोकलं तीन, म्हणजे थांब. ताई हात वर. दोन ठोकणं बंद.
३. ताई "हो हो" बंद. हो एक.
४. आकडा बोलून वर बोट पण.

तिसरं वाचून कान तापले. "हो हो" ही माझी सवय आहे, समोरच्याचं ऐकायचं नसलं की. माईवर वापरते, प.भा.वर वापरते. भू.वर वापरत असेन असं वाटलं नव्हतं. बरोबर पकडलं पठ्ठ्यानं.

पाचवं मी घातलं: पहिला नग दोघांनी तपासल्याशिवाय टेस्टरला शिकवायचा नाही. तो डोळ्यांनी, मी बोटांनी. गाडी पाचला असो नाहीतर दारात उभी असो.

गुरु. २३
तीन ठोके आज चार वेळा पडले. चारही वेळा हात वर केले. एकदा त्यानं उगाच ठोकलं होतं, मी खरंच थांबते का बघायला. सोडणार नाही त्याला.

एकदा मात्र खरंच चूक सापडली. पहिल्या नगात माझ्या बोटाला पाचवी वायर सैल लागली. दिसायला पक्की होती. त्यानं ओढून पाहिली तर हातात आली. लगेच टाइप: "डोळा फसला." मी म्हटलं, परवा कान फसला, आज डोळा, हिशेब फिटला.

अडुसष्ट नग. परत एकही नाही.

सोम. २७
सत्तर. प.भा. टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी विचारलं, काही हवंय का? "नाय नाय. बघतोय." थोड्या वेळानं म्हणाले, "ताई, एक ठोका म्हंजे झालं, अन् तीन म्हंजे थांब, असंच ना?" शिकतायत. बरं वाटलं.

बुध. २९
साहेबांनी एकटीला आत बोलावलं.

आधी कौतुक. मग: "नलिनीताई, तो कागद पाहिला मी. तुम्ही मोठेपणा केलात, पण चूक कुठे झाली ते मला समजतं. तुमचं बोट हुशार आहे. टेस्टिंगला तुम्हाला कायम करतो. शेजारी ऐकणारं-बोलणारं माणूस देतो. भूषणला पॅकिंगला ठेवू, तिथं त्याला कोणाशी बोलायचं कामच नाही."

डोक्यात सणक गेली. म्हटलं, साहेब, दोघं राहणार, नाहीतर कोणीच नाही. टेबल दोघांचं आहे. त्याच्याशिवाय मी बसणार नाही, आणि माझ्याशिवाय तो बसणार नाही.

साहेब म्हणाले, "बघतो. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

ताठ मानेनं बाहेर आले. आपण कोणाला घाबरत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी, बसमध्ये
"माझ्याशिवाय तो बसणार नाही." हे त्याला कुठं विचारलं होतं मी?

त्याची बायको, पोरगी. पोरीला यंदा शाळेत घालायचंय. साहेबांनी त्याला दुसऱ्या कोणाबरोबर टेबल दिलं तर तो नको म्हणेल? त्यानं का म्हणावं? माझ्यामागे पेन्शनवाली माई आहे. त्याच्यामागे कोण आहे?

माझा थांबा मागेच गेला. परत चालत आले.

गुरु. ३०
आल्या आल्या सांगितलं त्याला. तोंड फोनकडे, सावकाश, सगळं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणाले. कागदावर फक्त माझं नाव गेलंय तेही.

बाई कानात गप्प. त्याचा चेहरा मला दिसत नाही, आणि फोनचा आवाज राग असो, माया असो, एकाच सुरात. अशा वेळी मला तंत्रज्ञानाचा खरोखर संताप येतो. एवढं सगळं करतं, आणि माणूस चिडलाय की रडतोय ते सांगत नाही.

मग आलं.
"चूक दोघं. नाव एक. का?"
म्हटलं, सिस्टिम एकच घेते.
"मला विचारलं?"
नाही.
"साहेब. मला विचारलं?"
नाही.
"पगारेभाऊ माझं बोलायचे. आता ताई माझं बोलते."

माफ कर म्हटलं. ते बरोबर उमटलं की नाही कोण जाणे. त्यानं काही टाइप केलं नाही. टेबलाला एकही ठोका नाही, साध्या कामाचाही नाही. दुपारभर त्यानं वायरी माझ्या हातात न देता समोर ठेवल्या.

तरी छप्पन्न नग झाले. सगळे पास. हात रागावत नाहीत वाटतं.

शुक्र. ३१
सकाळी आला आणि आधी टाइप केलं: "आज मी आत जातो. एकटा."

मी म्हटलं, येऊ का बरोबर, असं विचारू? तो: "विचारलं. छान. नको."

अकराला गेला. प.भा. सवयीनं उठले, म्हणाले, "मी जातो मध्ये, साहेबांना त्याचं समजायचं नाय." थोड्या वेळात परत आले. "ताई, त्यानं मला दारातूनच हात दाखवला. थांबा म्हणतो." आवाजात राग कमी, नवल जास्त. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. दोघांनाही काही काम नव्हतं. असं कधी झालं नव्हतं.

काचेच्या दारातून बँकेतली बाई ऐकू येत होती. मोठ्यानं लावला होता त्यानं फोन. शब्द मात्र प्रेसमध्ये विरत होते. बाई बोलायची, मग साहेब, मग बराच वेळ कोणीच नाही, तो टाइप करत असणार. मग पुन्हा बाई. वीस मिनिटं तरी. त्या टेबलापासून त्या दारापर्यंत वीस पावलं आहेत, मला पाठ. एकदाही उठले नाही. उठावंसं किती वाटलं ते माझं मला माहीत.

तो आला. चालण्यावरून काही कळेना. बसला.
"साहेब विचार करतो. सोमवारी सांगतो."
मी: काय बोललास?
"माझं मी बोललो."

दोघांसाठी मागितलंस की एकट्यासाठी? अगदी ओठांवर आलं होतं. फोन समोर, तोंड फोनकडे, प्रेसही त्या वेळी बंद. एकही अक्षर चुकलं नसतं. नाही विचारलं. मी आत त्याच्या वतीनं बोलले तेव्हा त्याला दाराबाहेर बसायलासुद्धा मिळालं नव्हतं.

दुपारी त्यानं वायर पुन्हा हातात दिली, पहिल्यासारखी. त्याचा अर्थ काय काढायचा, का काढायचाच नाही, ते ठरवलेलं नाही. पंच्याहत्तर नग झाले. आजवरचे सगळ्यात जास्त.

माई विचारतेय, काय झालं गं तुमच्या टेबलाचं? सांगितलं, सोमवारी कळेल. त्यानं एकट्यासाठी मागितलं असेल तर वाईट वाटेल, खूप वाटेल. पण टोपणं भरायला मी जाणार नाही, आणि साहेबांच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायच्या आधी भू.ला विचारणार, तुझं काय म्हणणं आहे.